देवळालीचे कापरेकर मास्तर

 

दर महिन्याच्या पत्रात आपण एका थोर व्यक्तीची ओळख करून घेतो. संत झाले, समाजसुधारक झाले, वैद्य झाले. या वेळी दुबलगुंडीच्या आम्ही सेवेकरी बायकांनी मिळून ठरवलं की एका गणिताच्या मास्तरांबद्दल लिहायचं. गणित म्हटलं की आपल्यातल्या निम्म्या जणींच्या कपाळाला आठ्या पडतात हे आम्हाला माहीत आहे. तरी वाचा. यात जी गणितं येतील ती बेरीज-वजाबाकीचीच आहेत, भाजीवाल्यासमोर उभ्या उभ्या आपण करतो तसली. जानेवारीत लिहायचं कारण एवढंच, की मास्तरांचा जन्म जानेवारीतला.

मास्तरांचं नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म १७ जानेवारी १९०५, गाव डहाणू. मुंबईच्या उत्तरेला समुद्राकाठी हे गाव आहे, तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं, आता पालघर जिल्ह्यात येतं. नाव दत्तात्रेय, म्हणून आपल्याला आणखी जवळचे वाटले तर त्यात काही चूक नाही. आपल्याकडे माणिकनगर आणि गाणगापूर यांच्या मधल्या पट्ट्यात दर दोन घरांआड एक दत्तात्रेय सापडतो.

दत्तात्रेय आठ वर्षांचा असताना आई गेली. पुढे वडिलांनीच त्याला वाढवलं. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. ज्योतिष खरं की खोटं हा वाद आपण इथे नको घालू या. पण पत्रिका मांडायची म्हणजे आकडेमोड आलीच, आणि तीही साधी नाही. साठ पळांची एक घटका, साठ घटकांचा एक दिवस. म्हणजे बेरीज करताना हातचा दहावर येत नाही, साठावर येतो. अशा आकड्यांची गोडी वडिलांनी मुलाला लावली, आणि ती जन्मभर सुटली नाही. ज्या वयात आईच्या मागे फिरायचं त्या वयात हा मुलगा आकड्यांच्या मागे फिरू लागला, असं आम्हाला वाटतं.

इथे थोडं थांबून आपल्या घरांकडे बघू या, म्हणजे मास्तरांचं पुढचं काम समजायला सोपं जाईल. मागच्या आठवड्यात सेवेला जमलो होतो तेव्हा आम्ही एकमेकींना एक बेरीज घातली. सत्तेचाळीस आणि अडतीस किती, कागद न घेता सांगायचं. उत्तर सगळ्यांचं पंच्याऐंशीच आलं. पण कसं केलं ते विचारलं तर प्रत्येकीची वाट वेगळी! शाळेचा उंबरा न ओलांडलेल्या एका आजींनी अडतिसातले तीन काढून सत्तेचाळिसाला दिले, पन्नास केले, उरलेले पस्तीस त्यात घातले. किराणा दुकान सांभाळणाऱ्या ताईंनी अडतिसाचे सरळ चाळीस धरले, सत्त्याऐंशी आले, मग जास्तीचे दोन परत काढले. कॉलेजला जाणाऱ्या मुलीने चाळीस आणि तीस सत्तर, सात आणि आठ पंधरा, असं जोडलं. आणि आम्ही, ज्यांना पदवी आहे, आम्ही मनातल्या मनात पाटी काढून एकाखाली एक आकडे लिहिले, सात आणि आठ पंधरा, पाच मांडले, हातचा एक. सगळ्यात शेवटी उत्तर आलं ते आमचंच.

आमच्यातल्या ज्या बायका कन्नड शाळेत शिकल्या त्यांची तऱ्हा आणखी निराळी. कन्नडमध्ये सत्तेचाळीस म्हणजे नलवत्तेळु. आधी चाळीस, मग सात. मराठीत आपण सात आधी म्हणतो. एकोणतीस म्हणताना तर आपण नकळत वजाबाकीच करतो, तिसाला एक कमी. कन्नडमध्ये तेच इप्पत्तोंबत्तु होतं, वीस आणि नऊ, सरळ बेरीज. आपल्या भागात एकाच स्वयंपाकघरात सासू एका वाटेने मोजते, सून दुसऱ्या वाटेने मोजते, आणि पोळ्या दोघींच्या बरोबर होतात. २०१९ साली महाराष्ट्रात दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसच्या जागी वीस एक असं म्हणायला शिकवण्यावरून केवढा गदारोळ झाला होता. सीमेवरच्या माणसाला त्यात भांडण्यासारखं काय आहे ते चटकन कळलं नसेल. आपण दोन्ही वाटांनी चालत आलो आहोत.

जुन्या माणसांना याहून अवघड हिशेब करावे लागत. निजामाच्या राज्यात हाली रुपया चालायचा. सोलापूरच्या बाजारात गेलं की इंग्रजांचा कलदार. सहा कलदारांना सात हाली असा भाव. शंभर कलदारांचे हाली किती? तर एकशे सोळा रुपये, दहा आणे, आठ पै. हे लोक तोंडी करायचे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी पाठ असलेली ती पिढी आपण पाहिली आहे. आता त्यांच्यातले फार थोडे उरले.

असो. तर सांगायचं हे की बेरीज ही प्रत्येकाची आपापली असते. शाळेत एकच रीत शिकवतात, आणि जिला ती जमत नाही ती स्वतःला ढ समजून गप्प बसते. कापरेकर मास्तरांना ही साधी बेरीजच पुरली. जन्मभर पुरली.

त्यांचं शाळेचं शिक्षण ठाण्याला झालं. गणिताची कोडी सोडवण्यात तासन् तास जात. १९२३ साली ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात दाखल झाले. याच कॉलेजचं नाव रँग्लर परांजपे यांच्याशी जोडलेलं आहे. १८९९ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत सर्वांत वरचा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. त्यांच्या नावाचं गणिताचं बक्षीस १९२७ साली कापरेकरांना मिळालं, आणि तेही पाठांतरासाठी नाही, स्वतंत्र विचाराच्या कामासाठी. १९२९ साली मुंबई विद्यापीठाची पदवी हातात आली. पुढचं शिक्षण झालं नाही. एमएस्सी नाही, डॉक्टरेट नाही. १९३० साली नाशिकजवळच्या देवळालीत ते शाळामास्तर झाले, आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत तिथेच शिकवत राहिले.

देवळाली ही लष्कराची छावणी. इंग्रजांच्या काळात मायदेशी जाणारे सोल्जर इथे बोटीची वाट बघत महिनोन् महिने पडून राहत आणि कंटाळून त्यांची डोकी फिरत. त्यावरून इंग्रजी भाषेत वेड लागलेल्या माणसासाठी देवळालीच्या नावाचाच एक शब्द तयार झाला, डूलाली. आता त्याच गावात एक मास्तर शाळा सुटल्यावर वहीभर आकडे मांडत बसायचे. लोक काय म्हणत असतील ते तुम्हीच ठरवा.

त्यांच्या आकड्यांना नावं कशी मिळाली तेही मजेशीर आहे. डोंबिवली स्टेशनात गाडी बदलताना त्यांना एक कल्पना सुचली. त्या स्टेशनाचं जुनं नाव डेम्लो. झालं, त्या संख्यांचं नाव डेम्लो संख्या! अकराला अकराने गुणा, १२१ येतात. एकशे अकराला एकशे अकराने गुणा, १२३२१. चढत जायचं आणि तसंच उतरत यायचं. एक एक एक एकचा वर्ग किती, ते आता घरातला लहान मुलगाही गुणाकार न करता सांगेल. १२३४३२१. असं सांगता येतं तेव्हा मुलाच्या चेहऱ्यावर जे येतं, ते आम्ही रविवारच्या बालवर्गात पाहिलं आहे.

आता त्यांच्या बेरजेकडे येऊ. कोणतीही संख्या घ्या. तिच्यातले आकडे सुटे करा आणि त्याच संख्येत मिळवा. तेवीस घेतले तर दोन आणि तीन पाच, तेवीस आणि पाच अठ्ठावीस. पुन्हा तेच करा, दोन आणि आठ दहा, अडतीस झाले. मग एकोणपन्नास, मग बासष्ट, मग सत्तर, अशी माळ पुढे सरकत जाते. प्रत्येक संख्या पुढच्या संख्येला जन्म देते. आपल्याकडे वंशावळ सांगतात ना, तसंच. मग मास्तरांना प्रश्न पडला. प्रत्येक संख्येला असा जन्मदाता असतो का? शोधलं तर काहींना नसतो. वीस ही संख्या कुठल्याच संख्येत तिचे आकडे मिळवून येत नाही. एकतीस नाही, बेचाळीस नाही, त्रेपन्न नाही. कुणापासून न जन्मलेली, म्हणून स्वयंभू संख्या.

आपल्यासाठी यात एक गोष्ट आहे. वीसमध्ये अकरा अकरा मिळवत जा. एकतीस, बेचाळीस, त्रेपन्न, चौसष्ट, पंचाहत्तर, शहाऐंशी, सत्त्याण्णव, एकशे आठ. या सगळ्या स्वयंभू आहेत. जपमाळेचे मणी एकशे आठ आणि ती संख्या स्वयंभू निघावी, याचं आम्हाला फार कौतुक वाटलं. विश्वास नसेल तर तपासून बघा, नव्वदपासून एकशे सातपर्यंत एकेक घेऊन. पंच्याण्णव घेतले तर एकशे नऊ येतात, चौऱ्याण्णव घेतले तर एकशे सात. एकशे आठ मधून निसटतात. मात्र यातून लगेच चमत्कार काढू नका, कारण पंचाहत्तर आणि शहाऐंशीही तशाच स्वयंभू आहेत, त्यांची कुणी माळ केलेली नाही.

काही संख्यांना दोन जन्मदाते असतात. एक्याण्णव आणि त्याचे आकडे नऊ नि एक मिळवले तर एकशे एक. शंभर आणि त्यातला एक मिळवला तरी एकशे एक. दोन रूळ येऊन एका जागी मिळाले. मास्तरांनी अशा संख्येला जंक्शन म्हटलं. आपल्या वाडी जंक्शनसारखं. डोंबिवलीला गाडी बदलणारा माणूस दुसरं काय नाव देणार!

त्यांनी आणखी एका जातीला नाव दिलं, हर्षद. संस्कृतातला हर्ष, म्हणजे आनंद देणारी संख्या. आपल्याच आकड्यांच्या बेरजेने जिला पूर्ण भाग जातो ती. अठरा घ्या, एक आणि आठ नऊ, नवाने अठराला भाग जातो. एकशे आठही तशीच, बेरीज नऊ, भागाकार बारा. रामानुजन यांच्या नावाने प्रसिद्ध असलेली १७२९ ही संख्याही हर्षद आहे. बेरीज एकोणीस, आणि एकोणीस गुणिले एक्याण्णव म्हणजे १७२९. दुसरं कोणी शोधकाचं नाव लावलं असतं, नाही तर ग्रीक अक्षरं. यांनी आनंदाचं नाव लावलं. लोक त्यांना गणितानंद म्हणत ते उगाच नाही.

पंचेचाळीस ही त्यांच्या नावाची संख्या, कापरेकर संख्या. पंचेचाळिसाचा वर्ग तोंडी करायचा तर सोपी युक्ती आहे. शेवटी पाच असले की पुढच्या आकड्याला त्याच्या पुढच्याने गुणायचं, चार पंचे वीस, आणि मागे पंचवीस लावायचे. २०२५. आता त्याचे मधून दोन तुकडे करा, वीस आणि पंचवीस. बेरीज पुन्हा पंचेचाळीस. २०२५ साल लागलं तेव्हा हे फोनवरून खूप फिरलं होतं, तुमच्याकडेही आलं असेल. पण त्याखाली मास्तरांचं नाव बहुतेक वेळा नसायचं.

इथे एक फरक सांगायला हवा. आपल्या कर्नाटकच्या शकुंतला देवी सगळ्यांना माहीत आहेत. १८ जून १९८० रोजी लंडनच्या इम्पिरियल कॉलेजात त्यांनी तेरा आकडी दोन संख्यांचा गुणाकार अठ्ठावीस सेकंदांत तोंडी केला. ते ऐकून थक्क व्हायला होतं, पण ते आपल्याला जमणारं नाही. कापरेकर वेगासाठी प्रसिद्ध नव्हते. ते एकाच आकड्याजवळ दिवसच्या दिवस बसत. हे मात्र कुणालाही जमेल, ज्याला बसायची आवड आहे त्याला.

आता त्यांचा सगळ्यात मोठा शोध, ६१७४.

चार आकड्यांची कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही आकडे एकच नकोत. तेच आकडे मोठ्याकडून लहानाकडे लिहा, मग लहानाकडून मोठ्याकडे लिहा, आणि वजा करा. जे येईल त्याच्याशी पुन्हा तसंच. फार तर सात वेळा, त्याच्या आत ६१७४ येतात. आणि एकदा आले की पुढे काहीही करा, ७६४१ उणे १४६७ पुन्हा ६१७४च. मास्तरांनी हे १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडलं.

आम्ही मास्तरांचं जन्मसालच घेतलं. १९०५. मोठ्याकडून ९५१०, लहानाकडून ०१५९, वजाबाकी ९३५१. पुढे ८१७२. मग ७४४३, मग ३९९६, मग ६२६४, मग ४१७६, आणि सातव्या वेळी ६१७४. म्हणजे जास्तीत जास्त जेवढ्या पायऱ्या लागू शकतात तेवढ्या सगळ्या त्यांच्या जन्मसालाला लागल्या. मग त्यांचं निधनाचं साल घेतलं, १९८६. पहिल्याच पायरीला ८१७२ आले, आणि पुढची वाट हुबेहूब तीच. कुठे जन्मसाल, कुठे मृत्यूचं साल, दोन्ही एकाच रस्त्याला लागून एकाच घरी पोचली. हा योगायोग आहे, हे आम्हालाही कळतं. तरी बराच वेळ आम्ही त्या कागदाकडे बघत बसलो.

असं का होतं? पुस्तकी भाषा सोडून सांगतो. चार आकड्यांतला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान यांच्यात किती अंतर आहे, आणि मधल्या दोघांत किती अंतर आहे, या दोनच गोष्टींवर वजाबाकीचं उत्तर ठरतं. पहिल्या अंतराला ९९९ ने गुणायचं, दुसऱ्याला ९० ने, आणि बेरीज करायची. १९०५ मध्ये पहिलं अंतर नऊ, दुसरं चार. नऊ वेळा ९९९ म्हणजे नऊ हजाराला नऊ कमी, ८९९१. त्यात ३६० मिळवले की ९३५१. झाली वजाबाकी तोंडी! पहिलं अंतर एक ते नऊ असू शकतं आणि दुसरं पहिल्याहून मोठं असू शकत नाही. अशा जोड्या सगळ्या मिळून ५४ होतात. म्हणजे सुरुवातीला हजारो संख्या असल्या तरी पहिल्या पावलालाच त्या ५४ दारांत येऊन उभ्या राहतात. तिथून पुढे एका घरात जमणं फार लांब नाही.

आणखी एक. यातलं प्रत्येक उत्तर नवाच्या पाढ्यातलं असतं. आपले वडीलधारे बेरजेचा ताळा बघायचे, आकडे मिळवत मिळवत एका आकड्यावर यायचे, तसा ताळा बघा. ९३५१ चे अठरा, मग नऊ. ६१७४ चेही अठरा, मग नऊ. उत्तराचा ताळा नऊ आला नाही तर वजाबाकी चुकली आहे, परत करा. आणि ६१७४ ला अठराने भागून बघा, बरोबर ३४३ येतात, म्हणजे तीही हर्षद निघाली.

वाचताना सगळं गोड वाटतं, पण मास्तरांचे दिवस गोड नव्हते. मोठमोठ्या विद्यापीठांतल्या गणितज्ञांना हे काम पोरखेळ वाटायचं. बेरीज-वजाबाकीत कसलं आलंय संशोधन! त्यांचे लेख बरेचदा लहानसहान नियतकालिकांत छापले जात, नाही तर ते स्वतःच पदरच्या पैशाने पुस्तिका छापून घेत. स्वयंभू संख्यांवरची पुस्तिका १९६३ साली देवळालीहूनच निघाली. गणिताच्या परिषदांना ते स्वतःच्या खर्चाने जात, हसणारे हसत, हे आपलं मांडून परत येत. आजूबाजूच्या कॉलेजांत बोलावलं की जाऊन मुलांना आकड्यांच्या गमती सांगत. राग धरून बसले नाहीत, की काम बंद केलं नाही.

पण आम्ही घर चालवणाऱ्या बायका आहोत, म्हणून आमच्या मनात दुसराही हिशेब आला. शाळामास्तरांच्या पगारात पुस्तिका छापायच्या, रेल्वेची तिकिटं काढायची, तर घरात कुठेतरी काटकसर झालीच असणार. ती कुणी केली असेल? कापरेकरांबद्दल आम्ही जे वाचलं त्यात त्यांच्या पत्नीचा उल्लेख आला तो एका ओळीत, १९६६ साली त्या वारल्या एवढाच. निवृत्त होऊन चारच वर्षं झाली होती. डेम्लोला नाव मिळालं, जंक्शनला नाव मिळालं, त्या माउलीच्या वाट्याला एक ओळ. मास्तरांचं कौतुक करताना हेही लिहावं असं आम्हा सगळ्यांना वाटलं. काही जणींचं म्हणणं पडलं की गुणगान करायच्या पत्रात हे नको. बहुमताने ठेवलं.

पत्नी गेल्यावर मास्तर एकटे पडले. पेन्शन पुरेना, म्हणून उतारवयात गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या घेऊन ते गुजराण करत. आणि वहीतले आकडे चालूच. आवर्ती दशांशांवर तर त्यांनी पूर्वीच पुष्कळ काम केलं होतं. एकाला सातने भागलं की १४२८५७ हेच आकडे पुन्हा पुन्हा फिरत येतात, आणि त्यांना दोनाने, तिनाने गुणलं तरी तेच आकडे जागा बदलून उभे राहतात, २८५७१४, ४२८५७१. सातने गुणलं की मात्र सगळे नऊ. मुलांना करायला द्या, अर्धा तास फोन मागणार नाहीत.

मग १९७५ साल आलं. अमेरिकेत मार्टिन गार्डनर नावाचे लेखक सायंटिफिक अमेरिकन या मासिकात गणिताच्या खेळांचं सदर लिहीत. जगभरचे लोक ते वाचत. त्या वर्षीच्या मार्चच्या अंकात त्यांनी कापरेकरांबद्दल लिहिलं. देवळालीच्या मास्तरांचं नाव एकदम देशोदेशी गेलं. मास्तर तेव्हा सत्तर वर्षांचे होते. ६१७४ मांडून सव्वीस वर्षं झाली होती.

सव्वीस वर्षं म्हणजे किती ते बघा. मूल जन्मून शिकून नोकरीला लागतं. एवढा काळ माणूस त्याच आनंदात टिकून राहतो, शाबासकी नसताना. आपल्या सेवेत सहा महिन्यांत कुणी नाव घेतलं नाही म्हणून रुसणारे आपण सगळेच आहोत, आम्हीही त्यात आलो.

पुढची अकरा वर्षं त्यांना हा मान अनुभवता आला. १९८६ साली त्यांचं निधन झालं. आज ६१७४ ला सगळं जग कापरेकर स्थिरांक म्हणतं. संगणक शिकणाऱ्या मुलांना तो प्रोग्रॅम लिहायला देतात. पुण्या-बेंगळुरूला नोकरी करणाऱ्या आपल्या घरच्या मुलांना विचारा, कित्येकांनी तो लिहिलेला असेल आणि मास्तर आपल्याच भाषेचे होते हे त्यांना माहीतही नसेल.

आता या महिन्याचा घरचा खेळ. प्रत्येकाने आपलं जन्मसाल घ्यायचं आणि ६१७४ पर्यंत किती पायऱ्या लागतात ते मोजायचं. आजी-आजोबांनी तोंडी करायचं, नातवंडांनी कागदावर, फोनमधलं कॅल्क्युलेटर कुणीही उघडायचं नाही. लहान मुलांना २००० साल द्या, चारच पायऱ्यांत होतं. २०१२ ला तीनच लागतात. २२२२ सारखे चारही आकडे सारखे घेऊ नका, शून्य येऊन खेळ तिथेच संपेल. आणि शून्य गाळू नका. समजा कुणी १००० घेतले, तर १००० उणे ०००१ म्हणजे ९९९ येतात, ते ०९९९ असे चार आकड्यांतच लिहायचे, मग पुढे ९९९० उणे ०९९९. शून्य गाळलं की गाडी अडते, आणि मग मास्तरांवर खापर फोडाल.

ज्यांच्या जन्मसालाला मास्तरांसारख्या पूर्ण सात पायऱ्या लागतील त्यांनी आपल्या गटात कळवा. उत्तर लिहायची गरज नाही, ते सगळ्यांचं एकच येणार आहे. फक्त पायऱ्या किती लागल्या तेवढं लिहा.

दुबलगुंडीच्या सेवेकरी भगिनी